कुर्स्कचा टायगर करायचाय ना, मग आधी तारीख पक्की कर

भावा, तू एकदमच सगळं विचारलंस. टॅमिया ह्या मॉडेल कंपनीचा टायगर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचा १/३५ मापाचा प्लास्टिकचा किट घेतलाय, बॉक्सवर अर्ली प्रॉडक्शन (सुरुवातीच्या काळात बनलेली गाडी) लिहिलंय, रशियातल्या कुर्स्कच्या लढाईतली गाडी करायची, रंग ग्रे मारायचा, आणि झिमरिटचा सेट, फोटोएच (पातळ पत्र्याचे कोरलेले बारीक पार्ट), तोफेची धातूची नळी, चाकांवरचे धातूचे पट्टे यातलं काय घेऊ, शिवाय पावसाळ्यात कोल्हापुरात रंगकाम होतंय का. तर सामान नंतर बघू, आधी तारीख. टायगर ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ अशी दोनच वर्षं बनला, कासेलला हेन्शेलच्या कारखान्यात, एकूण १३४७ गाड्या, आणि त्या दोन वर्षांत बारीकसारीक बदल सारखे चालूच होते. त्यामुळं "टायगर" एवढंच म्हणून चालत नाही, कुठल्या महिन्यातला ते ठरवायला लागतंय, आणि ते ठरलं की तुझे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात आणि पैसे पण वाचतात.

कुर्स्कचा हल्ला सुरू झाला ५ जुलै १९४३ ला. आता तुझी यादी लावून बघ. ग्रे रंग, म्हणजे आरएएल ह्या जर्मन रंगयादीतला ७०२१, हा फेब्रुवारी १९४३ पर्यंतचा, त्यानंतर हुकूम निघाला की सगळ्या गाड्या गडद पिवळ्या, आरएएल ७०२८. म्हणजे जुलैत कुर्स्कला पूर्ण ग्रे टायगर उभा करू नको. झिमरिट, ते चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावायचं खरबरीत लिंपण, ते कारखान्यातून लागायला सुरुवात झाली ऑगस्ट-सप्टेंबर १९४३ मध्ये, म्हणजे तुझ्या गाडीवर नाहीच, तो सेट घेऊ नको. लोखंडी चाकं १९४४ ची, तुझी रबरवाली. कमांडरचा टॉवर पण जुना, उंच ड्रमसारखा, चिरा असलेला. किट बरोबर घेतलायस तू, फक्त मिड किंवा लेट गाडीचे जादा पार्ट असलेला कुठला सेट त्यात मिसळू नको.

संदर्भाला इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टन म्युझियमच्या टायगर १३१ चे फोटो बघ, एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी पकडलेली गाडी, अजून चालू आहे आणि तुझ्या गाडीच्या अगदी जवळची आहे. चारी बाजूंनी काढलेले फोटो भरपूर मिळतात. रंग मात्र त्यावरून घेऊ नको, तो आफ्रिकेचा हिशोब आहे. आणि जमलं तर एकदा नगरला कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन ये. टायगर नाही तिथं, पण जर्मन आर्मर्ड कार आहे, मटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन आहेत. ओतीव पोलाद आणि लाटलेली प्लेट यातला फरक समोर उभं राहिल्याशिवाय नीट कळत नाही, फोटोत दोन्ही सारखंच वाटतंय.

नगर लांब पडत असेल तर आपलं शिवाजी उद्यमनगर आहे की. मी मनापासून सांगतो, मॉडेल करणाऱ्याला कोल्हापूरसारखं गाव नाही. फाउंड्रीतून नुकतंच आलेलं कास्टिंग हातात घेऊन बघ, त्याची कातडी कशी बारीक रवाळ असते, आणि शेजारच्या शॉपमध्ये प्लेट वेल्डिंग चालू असेल तर तो मणी कसा एकावर एक चढत जातो ते बघ. टायगरची बॉडी कास्टिंग नाही, सपाट जाड प्लेटा एकमेकींत खाचा करून अडकवल्यात आणि वेल्ड केल्यात, टरेटची (वरच्या फिरणाऱ्या, तोफेच्या भागाची) बाजू म्हणजे एकच प्लेट नालाच्या आकारात वाकवलेली. ओतीव काम मुख्यतः पुढचं, नळीच्या बुडाशी असणारं मँटलेट. बरेच जण हौसेनं सगळ्या गाडीवर रवाळ टेक्श्चर मारतात, ते चूक आहे. फक्त मँटलेटवर कर: थोडी मॉडेलची लांबी (पुट्टी) घे, पातळ सिमेंटमध्ये (प्लास्टिक चिकटवायच्या पातळ द्रावणात) कालव, आखूड केसांचा जुना ब्रश उभा धरून हलकं हलकं टोचत जा, वाळलं की ८०० चा ओला पॉलिश पेपर एकदाच वरून फिरव म्हणजे टोकं बसतात.

मॉडेलवर वेल्डिंगच्या रेषा दाखवायला एमसील वापरतात काहीजण. मला ते पटत नाही, जाडंभरडं पडतंय, केसासारखा दोरा वळत नाही त्याचा. स्प्रूचा (पार्ट ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले असतात तिचा) तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ झाला की ओढायचा, बारीक तार निघते, ती सांध्यात ठेवून वरून पातळ सिमेंट सोडायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि मग ब्लेडच्या पाठीनं जवळजवळ खुणा दाबत जायचं. तीच तार थोडी जाड ओढलीस की अँटेना होते. खरी अँटेना दोन मीटरची, म्हणजे आपल्याकडं ५.७ सेंटिमीटर.

आता फोटोएच. पूर्ण सेट घेऊ नको पहिल्याच गाडीला. इंजिनच्या झाकणावर ज्या जाळ्या आहेत तेवढ्या मात्र घेच, प्लास्टिकमध्ये खरी जाळी जमत नाही, आणि मागून वरून बघितलं की पहिली नजर तिथंच जाते. त्या फेविक्विकनं लाव, पण बाटलीतून थेट नको, टाचणीच्या टोकावर थेंब घेऊन. बाकीच्या पैशाची गरज नाही, कारण जे सेट विकतात त्यातलं बरंच काम नुसत्या ब्लेडनं होतंय. बाजूचे मडगार्ड बघ. किटमधली कड ०.७ मिलिमीटरच्या आसपास असते, त्याला ३५ नं गुण, जवळपास अडीच सेंटिमीटर जाड पत्रा झाला, एवढा जाड पत्रा मडगार्डला कोण लावतंय? मग आतल्या बाजूनं, जी दिसत नाही तिकडून, नवीन ब्लेडनं कड तिरकी खरवडत आण, बाहेरून बघणाऱ्याला फक्त कागदासारखी कड दिसते. एकदोन ठिकाणी चिमट्यानं थोडी वाकव, लढाईतल्या गाड्यांचे मडगार्ड सरळ राहतच नव्हते, पार गायब झालेले पण फोटोत दिसतात.

धातूची नळी घेतलीस तर भारी, नाही घेतलीस तरी अडत नाही. दोन अर्ध्या चिकटवून चोवीस तास ठेव, मग सांध्यावर कानस न मारता ४००, ८००, १००० असा ओला पेपर गोल फिरवत जा, लांबीच्या दिशेनं मारलंस तर नळी चपटी होते. धातूचे पट्टे मात्र आत्ता नको. ते महाग आहेत, आणि टायगरला वरचे रोलर नसतात, पट्टा सरळ चाकांच्या माथ्यावर टेकतो, त्यामुळं विनाइलचा पट्टा पण चाकांना चिकटवून दाबून बसवला की चांगला दिसतो. पुढच्या दातेरी चाकापासून पहिल्या चाकापर्यंत जरा झोल पडू दे, पट्टा ताठ ताणलेला दिसला की गाडीचं ५७ टन वजन जातंय सगळं.

पट्टे-चाकं निघालीच आहेत तर हे नीट वाच, कारण टायगरचं सगळ्यात किचकट काम हेच. एका बाजूला आठ ॲक्सल, प्रत्येकावर तीन चाकं, म्हणजे चोवीस, आणि ती एकमेकांत गुंतलेली. आतली चाकं बसली की बाहेरच्यांच्या मागं ब्रश जात नाही. म्हणून चाकं फ्रेमवरून काढून टूथपिकवर लाव, आधी सगळ्या रबराला गडद राखाडी मार, काळा नको, मग स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं गोल भोकांचं स्टेन्सिल घेऊन बरोबर मापाचं भोक चाकावर धर आणि मधला भाग पिवळा स्प्रे कर. रबराची कड आपोआप स्वच्छ सुटते. बसवताना आतल्या ओळीपासून सुरुवात, आणि आतल्या ओळीत चिखल-धूळ पण तेव्हाच भरून घे. खऱ्या गाडीत पण चिखल ह्याच फटीत अडकायचा, थंडीत गोठला की चाकं जाम, आणि आतलं एक चाक बदलायला बाहेरची किती काढायला लागत होती ते तू स्वतः जुळवताना बघशीलच.

ओढायची केबल किटमध्ये दोरा असेल तर फेकून दे, दोऱ्याचा केस सुटतो आणि रंग मारला की जास्तच दिसतो. फ्लेक्सिबल वायर सोल, आतल्या तांब्याच्या बारीक तारा घे, गॅसवर जरा लाल करून मऊ कर, एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरं हँड ड्रिलच्या चकमध्ये धरून पीळ दे. जाड पाहिजे असेल तर मोटर वाइंडिंगवाल्याकडं तुकडे मागून बघ, फक्त त्या तारेवर वार्निश असतं, ते पेपरनं घासून काढ नाहीतर रंग धरत नाही.

रंग. टॅमियाचा एक्सएफ-६० गडद पिवळा बाटलीतून तसाच मारलास तर शेवटी गाडी चिखलासारखी काळपट होते, कारण वरून वॉश (सांध्यात सोडायचा पातळ गडद रंग), फिल्टर (सगळीकडं मारायचा अगदी पातळ रंग), धूळ सगळं येणार आहे आणि लहान वस्तूवर रंग तसाही गडदच वाटतो. त्यात थोडा एक्सएफ-२ पांढरा किंवा एक्सएफ-५७ बफ मिसळ, डोळ्याला "जरा जास्तच फिकट झालं" असं वाटेल तिथं थांब. त्यावर हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे. हे रंग गाडीच्या क्रूला पेस्टच्या रूपात डब्यातून मिळायचे, पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये पातळ करून ते स्वतःच मारायचे, स्प्रे असला तर स्प्रेनं नाहीतर ब्रशनं. म्हणून एकेका गाडीचे पट्टे वेगळे, कुठं दाट कुठं नुसती झाक. तुझा हात थोडा इकडंतिकडं गेला तर काही बिघडत नाही, फक्त एअरब्रश जवळ आणि हवा कमी ठेव.

पावसाचं विचारलंस ते महत्त्वाचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं हवेत पाणीच पाणी, थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर हवेतला ओलावा बसतो, मग रंग किंवा मॅट वार्निश पांढुरकं पडतं. गडद रंगावर तर लगेच दिसतंय. म्हणून पावसात जुळवाजुळव कर, घासणं, वेल्डिंग, केबल, सगळं ह्या महिन्यांत होतंय, आणि स्प्रे दसऱ्यानंतर. थांबवत नसेल तर कंप्रेसरला मॉइश्चर ट्रॅप लाव आणि तो मधून मधून रिकामा कर, पुठ्ठ्याच्या खोक्यात साधा पिवळा बल्ब लावून मॉडेल आधी जरा कोमट करून घे, धो-धो पावसाच्या दिवशी हात लावू नको. शेवटचं मॅट मात्र पावसात मारूच नको, एवढं माझं ऐक. आणि गाड्यांच्या रंगाचा एनसी थिनर ब्रशनं प्लास्टिकला लावू नको, प्लास्टिक खातो तो.

डिकल (नंबर-खुणांचे पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर) लावायच्या आधी ग्लॉस वार्निश मार, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. कुर्स्कला टायगर होते ५०३ आणि ५०५ ह्या हेवी बटालियनकडं, ग्रॉसडॉइचलँड डिव्हिजनकडं आणि एसएसच्या (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या) तीन डिव्हिजनकडं. मी एसएसच्या खुणा कधीच लावत नाही, त्यांनी जे केलंय ते वाचल्यावर ते चिन्ह माझ्या शोकेसमध्ये नको वाटतं. ५०३ ची गाडी कर, टरेटवर मोठे तीन आकडी नंबर, सुंदर दिसतात.

वॉशला महागड्या बाटल्यांची गरज नाही, कॅमलची बर्न्ट अंबरची ऑइल ट्यूब आण, पुठ्ठ्यावर थोडी काढून ठेव म्हणजे तेल शोषलं जाईल, मग मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बोल्टच्या भोवती आणि सांध्यात सोड. गंज आवरता घे. कुर्स्कमधल्या बऱ्याच गाड्या काही महिन्यांच्याच होत्या, त्यांना भंगारातल्यासारखा गंज यायला वेळच कुठं होता. गंज एक्झॉस्टच्या पत्र्यावर, कारण तो तापतो आणि रंग जळतो. बाकी ठिकाणी रंग उडाल्याच्या खुणा फक्त माणसं चढतात-उतरतात तिथं, हॅचच्या कडा, ड्रायव्हरच्या आजूबाजूला, इंजिनच्या झाकणावर, आणि त्या पण गडद तपकिरी, चांदीसारख्या नको. गाडी फेब्रुवारीच्या आधी कारखान्यातून निघालेली दाखवणार असशील तर पिवळ्याखालून एखाद्या कडेला जुना ग्रे डोकावू दे, ते तर फारच सुरेख दिसतंय.

आणि माती. पन्हाळा-गगनबावड्याकडची तांबडी माती आणू नको, कुर्स्कचा मुलूख काळ्या मातीचा आहे आणि ती माती आपल्याकडं नदीकाठाला, शिरोळकडं पाहिजे तेवढी आहे. तव्यावर चांगली भाजून घे म्हणजे पुढं बुरशी धरत नाही, खलबत्त्यात कुट, जुन्या ओढणीतून दोनदा चाळ. तरी पण साध्या डोळ्याला दिसणारा कण ३५ पटीनं खडा होतो हे लक्षात ठेव, जाड लगदा फक्त चाकांच्या मधे आणि पोटाखाली, वरती नुसती धूळ. वाळलेली काळी माती काळी दिसत नाही, राखाडी-तपकिरी पडते, ओली तेवढी काळी. ऊसतोड सुरू झाली की कारखान्याच्या रस्त्याला उभा राहून ट्रॅक्टर-ट्रॉलीची चाकं बघ: कालचा चिखल फिका आणि तडे गेलेला, आजचा गडद, हबमधून ग्रीस बाहेर येऊन तिथं धूळ चिकटून काळा चकचकीत डाग, आणि टायरच्या वर पत्र्यावर उडालेले शिंतोडे सगळे एकाच दिशेला. कुर्स्कला त्या जुलैत एक दिवस वळवासारखा पाऊस आणि दुसऱ्या दिवशी धुळीचे लोट असंच चाललं होतं, म्हणजे हे दोन्ही थर तुझ्या गाडीवर पाहिजेत, आधी वाळलेला चिखल, मग त्यावर धूळ. हबचा ग्रीसचा डाग सगळ्यात शेवटी, मॅट मारून झाल्यावर, नाहीतर त्याची चकाकी मरते.

आत्ता ऑर्डर करताना जाळ्या, पातळ सिमेंट आणि चांगली ब्लेडं एवढंच घे. चाकं जुळली आणि मँटलेटचं टेक्श्चर झालं की जवळून काढलेले फोटो टाक, रंगाचं प्रमाण तेव्हा बघून सांगतो.