तुमचे प्रश्न: गारगोटी की तासणी?

प्रश्न: आम्ही राहायला कोथरूडला, पण शेती शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या कडेला. उन्हाळ्यात नांगरट झाली की ढेकळांमधे लालसर-पिवळ्या गारगोट्यांचे चपटे तुकडे दिसतात, काहींची एक कड करवतीसारखी खडबडीत. मुलगा म्हणतो हे स्टोन एजचे स्क्रेपर आहेत, दोन लाख वर्षांचे. सासरे म्हणतात गारगोट्या आहेत, बांधावर ढिगानं पडल्यात, फेकून दे. सत्तरेक तुकडे जमलेत, श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेत. खरं कोण? आणि ओळखीतला एकजण पाचशे रुपयाला एक मागतोय, द्यावेत का?

उत्तर: ताई, आधी सासऱ्यांची बाजू घेतो. आपला सगळा भाग काळ्या पाषाणाचा, लाव्हा थंड होताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांमधे पाण्यातनं सिलिका साचत गेली आणि त्याचीच गारगोटी, अकीक, जास्पर वगैरे झालं. पाषाण झिजून माती होतो पण गारगोटी झिजत नाही, म्हणून ती शेतात उरते. म्हणजे तुमच्या रानात ती असणारच, माणसानं हात लावलेला असो वा नसो. त्यात आता ट्रॅक्टर आलाय. फाळ किंवा रोटाव्हेटरचं पातं बसलं की गारगोटीचा असा काही कपचा उडतो की भलेभले फसतात.

ओळखायचं कसं तर तुकडा सकाळच्या तिरक्या उन्हात धरा, भर दुपारी काही दिसत नाही. माणसानं दुसऱ्या दगडानं टोला मारून जो छिलका काढलेला असतो त्याच्या पोटाच्या बाजूला (म्हणजे मूळ दगडापासून सुटलेल्या अंगाला), टोला बसला त्या जागेखाली, एक छोटा फुगवटा असतो, बोटाला नीट लागतो. तिथून लाटांसारख्या पुसट रेघा खाली जातात. पण नुसता फुगवटा बघून नाचू नका, नांगराच्या टोल्यानंही तो येतो. तासणी, म्हणजे मुलगा ज्याला स्क्रेपर म्हणतो ती, ठरते कडेवरनं. ओळीनं बारीक बारीक खपल्या काढलेल्या असतात, बहुतेक वेळा एकाच अंगाने, आणि कड उभट होते. ती कापायला नसतेच, कातडं घासायला, लाकूड तासायला असते. नांगराच्या खपल्या कुठेही, कशाही, दोन्ही अंगांनी. दुसरं म्हणजे रंग. जुन्या खपल्यांवर बाकी दगडासारखीच मंद, दुधट साय चढलेली असते, ताजी फूट मात्र काचेसारखी चमकते. सगळा तुकडा जुना आणि फक्त कड चकचकीत असेल तर ते काम तुमच्या ट्रॅक्टरवाल्याचं.

मी एकदा गॉगल लावून एक साधी गारगोटी फोडली (सापडलेल्या जुन्या तुकड्यावर हे करू नका प्लीज) आणि त्या कपच्यानं बांबू तासून बघितला, पेन्सिलीला टोक काढताना निघतात तशा साली निघाल्या, दहा मिनिटात कड बोथट झाली आणि मग कळलं की लोक परत परत खपल्या काढून धार का लावत होते.

आता वय. दोन लाख म्हणायची घाई नको. प्रवरेकाठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी नदीच्या थरांमधे जास्पर-चर्टच्या (चर्ट म्हणजे गारगोटीसारखाच दगड) अशाच तासण्या शोधल्या, त्या मध्य पुराश्मयुगातल्या (जुन्या अश्मयुगाचा मधला टप्पा), म्हणजे मुलाचा अंदाज अगदीच हवेत नाही. त्याहून जुन्या हातकुऱ्हाडी मोरगावला आणि कुकडीकाठच्या बोरीला मिळाल्यात, त्या मोठ्या आणि काळ्या पाषाणाच्या (बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर पण आहे, त्याच्या वयावरून तज्ज्ञांची अजून भांडणं चालतात). पण तुमच्याच तालुक्यात, तुमच्याच नदीवर इनामगाव आहे! डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथं खोदकाम केलं, साधारण इसवी सन पूर्व १६०० ते ७०० मधलं शेतकऱ्यांचं गाव निघालं. त्या लोकांकडे तांबं होतं पण थोडं, त्यामुळे रोजच्या कापाकापीला गारगोटीची लांबट पाती आणि छिलकेच. त्यामुळे डब्यात अरुंद, दोन्ही कडा समांतर असलेली पाती असतील आणि आसपास रंगीत खापरं सापडत असतील तर वय लाखात नाही, तीनेक हजारात.

म्हणून तर जागा महत्त्वाची. मी कॉलेजात असताना दोन गावांचे तुकडे एकाच बादलीत साबणानं धुतले, छान स्वच्छ झाले, कुठला कुठला ते कायमचं गेलं. दाखवायला नेले तेव्हा सरांनी एकच विचारलं, "हा कुठला?" आणि मी गप्प. अजून ते तुकडे माळ्यावर आहेत, शोभेचे. तेव्हा यापुढे उचलण्याआधी शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो, मोबाईलवर लोकेशन, गट नंबर, तारीख, आणि ते सगळं चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहून तुकड्यासोबत झिपच्या पिशवीत. साध्या पाण्यानं माती काढा, तारेचा ब्रश आणि ॲसिड नको. नांगरानं वर आलेलं उचललं तर ठीक, पण नदीची दरड उकरून काढू नका, तिथं थर शाबूत असतात आणि खरी माहिती त्या थरात असते.

पाचशे रुपयेवाल्याला सरळ नाही म्हणा. १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू धरतात, लायसन्सशिवाय तिचा धंदा करता येत नाही आणि खाजगी माणसाला परदेशी पाठवायला तर बंदीच आहे. त्यापेक्षा निवडक आठ-दहा तुकडे, चिठ्ठ्यांसकट, घेऊन येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात जा, आधी फोन करून. मुलाला न्या, तिथलं म्युझियमही बघून होईल.

आणि त्या सत्तरांपैकी कुठला तुकडा कुठल्या पट्टीतला ते जितकं आठवतंय तितकं आजच लिहून काढा. सासऱ्यांना शेजारी बसवा, कुठल्या बांधाकडे गारगोटी जास्त निघते ते त्यांनाच माहीत असणार.