सॉफ्ट बूट घालून कार्व्हिंग करायचं असेल, तर खास रुंद स्नोबोर्ड बनवून घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाऊल 28 सेंटीमीटर, बोर्ड दुकानातला आणि कंबरेला, म्हणजे मधल्या सर्वांत अरुंद भागाला, 25.5 सेंटीमीटर रुंद, बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारी खोबण, पुढे 15 आणि मागे उणे 9 अंशांवर. म्युनिकहून हिवाळ्यात ऑस्ट्रियातल्या उतारांवर जाता. वळणात खाली झुकायला लागलात की टाचेच्या बाजूला बोर्ड एकदम सुटतो आणि तुम्ही आपटता. कोणीतरी सल्ला दिलाय की 30 सेंटीमीटर कंबरेचा बोर्ड बनवून घे, काम होईल.

रुंद बोर्ड तुम्हाला लागणार आहे, यात मला शंका वाटत नाही. पण 30 चा नको आणि ऑर्डर लगेच नको. रुंदीचा आकडा दुसऱ्याच्या सांगण्यावरून घ्यायचा नसतो. तो तुमच्या बुटाच्या लांबीतून आणि बाइंडिंगच्या कोनातून निघतो, आणि कोन अजून तुम्ही नक्की केलेले दिसत नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कार्व्हिंग म्हणजे बोर्ड न घसरवता, त्याच्या कडेच्या पोलादी पट्टीवर, म्हणजे एजवर, पूर्ण वळण घेणं. मागे बर्फात एकच बारीक चर उरते. हार्ड बूटवाले, म्हणजे कडक प्लास्टिकचे बूट घालणारे, पाय 55-60 अंशांपर्यंत पुढे वळवून उभे राहतात, म्हणून त्यांना 20 सेंटीमीटरच्या आसपासचा अरुंद बोर्ड पुरतो. नेहमीच्या मऊ, म्हणजे सॉफ्ट बूटमध्ये आपण बोर्डावर बरेच आडवे उभे असतो. त्यामुळे बुटाचा पंजा आणि टाच दोन्हीकडून एजच्या बाहेर येतात, आणि बोर्ड पुरेसा कलला की आधी बूट बर्फाला टेकतो, एज उचलली जाते आणि माणूस पडतो. तुमच्या बाबतीत हेच होत असावं.

आता आकडे बघू. 28 च्या बुटाची बाहेरून लांबी सुमारे 31 सेंटीमीटर धरू. तुमचा बूट प्रत्यक्ष मोजा, कारण कंपनीगणिक फरक पडतो. बूट तिरपा असला की बोर्डाच्या रुंदीत तो लांबी गुणिले कोनाचा कोसाइन इतकी जागा घेतो. टोकं गोलसर असल्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, पण कामापुरता बरोबर आहे. मागच्या पायाला 9 अंशांवर 30.6 सेंटीमीटर लागतात. बोर्ड कंबरेपेक्षा बाइंडिंगपाशी थोडा रुंद असतो. साइडकटची, म्हणजे बोर्डाच्या कडेला दिलेल्या आत वळलेल्या कमानीची, त्रिज्या 8 मीटर आणि दोन पायांतलं अंतर 54 सेंटीमीटर असेल, तर हा फरक सुमारे 9 मिलिमीटरचा. म्हणजे पायाखाली तुमचा बोर्ड 26.4 सेंटीमीटर. उरलेले 4.2 सेंटीमीटर दोन बाजूंना वाटले, तर प्रत्येकी 2.1 सेंटीमीटर बूट बाहेर लोंबतोय.

बुटाच्या पंजाचं टोक बोर्डाच्या तळापासून साडेतीन सेंटीमीटर उंच असतं असं धरा. टाचेकडे बाइंडिंगचा मागचा भाग आणखी खाली असतो, तो अडीच धरा. दाबलेल्या बर्फात एज सेंटीमीटरभर रुतते असंही माना. मग पंजाच्या बाजूला बोर्ड साधारण 45 अंशांपर्यंत कलू शकतो आणि टाचेच्या बाजूला जेमतेम 32 अंशांपर्यंत. पंजाच्या बाजूला तुम्हाला फारसा त्रास नाही आणि टाचेच्या बाजूला रोज पडणं आहे, त्याचं कारण या दोन आकड्यांत आहे. बूट अजिबात बाहेर नसेल, तर तेच कोन 73 आणि 66 अंशांपर्यंत जातात. अंग बर्फाला लागेल इतकं झुकून घेतलेल्या वळणांसाठी साधारण हीच मोकळीक लागते.

हे माझ्या आकड्यांवर सोडू नका, घरीच तपासा. बूट बाइंडिंगमध्ये घट्ट आवळा, बोर्ड सतरंजीवर एजवर उभा करा आणि हळूहळू कलवत न्या. बूट किंवा बाइंडिंग जमिनीला लागेल तेव्हा मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप बोर्डाच्या तळाला टेकवून वाचा. चारही ठिकाणी, म्हणजे दोन पंजे आणि दोन टाचा, असंच करा. बर्फात एज रुतणार म्हणून प्रत्येक आकड्यातून पंधरा-वीस अंश वजा धरा. उतारावर पडलात की उठून मागची चर बघायची सवय लावा. चरीला लागून खरवडल्याचा दुसरा माग दिसला, तर बूट लागलाय. चर आधी रुंद होत गेली आणि मग पुसली गेली असेल, तर दोष बुटाचा नाही.

हा दुसरा प्रकार टाचेच्या बाजूला फार आढळतो. माणूस खुर्चीत बसल्यासारखा कंबरेत वाकतो, नितंब वळणाच्या आत जातात आणि छाती गुडघ्यांवर येते. एजवर वजन येतच नाही, बोर्ड थरथरतो आणि घसरतो. कितीही महागडा रुंद बोर्ड आणला तरी तो हे दुरुस्त करणार नाही. छाती बोर्डाच्या नाकाकडे उघडा, नजर वळणाच्या पुढच्या टोकाकडे ठेवा आणि गुडघे वाकवून खाली जा, कंबर मोडून नाही. पाय डक स्टान्समध्ये, म्हणजे मागचा पंजा मागे वळलेला असताना, छाती पुढे उघडणं अवघड जातं. मागचा गुडघा विरोध करतो.

म्हणून पैसे घालण्याआधी तीन गोष्टी करून बघा. बाइंडिंगची चकती सरकवून बूट मध्यावर आणा. अनेकांचा बूट एकाच बाजूला जास्त बाहेर असतो. मग दोन्ही पाय पुढे वळवा: पुढचा 30 च्या वर, मागचा 15 ते 24 च्या मधे कुठेतरी. बाइंडिंगखाली सेंटीमीटरभर उंचीची रायझर प्लेटही लावता येते. वरच्याच हिशेबाने टाचेकडे अडीचचे साडेतीन सेंटीमीटर झाले की 32 अंशांचे 45 होतात, आणि तेही नव्या बोर्डाच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात. प्लेटमुळे बर्फाची जाणीव जरा बोथट होते. काहींना ते मुळीच चालत नाही, मला चालतं.

हे करत एक हंगाम काढा. त्यात तुम्हाला कळेल की तुमचे गुडघे आणि कंबर कोणत्या कोनांत खूश आहेत. कस्टम बोर्डाचा सगळा पाया हा आहे.

आता रुंदीकडे येऊ. समजा तुम्ही पुढे 33 आणि मागे 21 वर स्थिरावलात. पुढच्या बुटाला 26 सेंटीमीटर लागतील, मागच्याला 28.9. रुंदी मागचा पाय ठरवतो, कारण तोच जास्त आडवा असतो. दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटर बूट बाहेर राहिला तरी हरकत नाही. म्हणजे पायाखाली साडेअठ्ठावीस आणि कंबरेला साधारण 27.8 ते 28 सेंटीमीटर. दुकानातले ‘वाइड’ म्हणून विकले जाणारे बहुतेक बोर्ड 26 ते 27 मध्ये संपतात, त्यामुळे तुमच्या पायाला कस्टमकडे वळणं रास्त आहे. उलट तुमचं पाऊल 25 चं असतं, तर मी तुम्हाला दुकानातलाच वाइड बोर्ड घ्यायला लावला असता.

मग थोडा जास्तच रुंद का नको? कारण रुंदी फुकट मिळत नाही. एका एजवरून दुसऱ्या एजवर जायला रुंद बोर्ड जास्त वेळ घेतो. छोट्या, पटापट घेतलेल्या वळणांत हे लगेच जाणवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एज पायाच्या बोटांपासून जितकी दूर, तितका घोट्यावर आणि पोटरीवर पीळ जास्त. कडक, बर्फाळ सकाळी 30 सेंटीमीटरचा बोर्ड पंजाच्या बाजूला कललेला धरून ठेवणं दमवणारं काम आहे, आणि तुमच्या कोनांत त्या जादा रुंदीचा काही उपयोगही नाही. ज्यांना जवळजवळ आडवं उभं राहूनच कार्व्ह करायचं आहे, त्यांना तीसच्या आसपासचा बोर्ड लागतो, आणि त्यांच्यासाठी तो योग्यही आहे. ती एक वेगळी, डौलदार शैली आहे. तुम्हाला सल्ला देणाऱ्याची शैली बहुधा तीच असावी.

कारागीर महत्त्वाचा ठरतो तो इथे. तोच बोर्ड दहा टक्के रुंद केला की तो दहा टक्के कडकही होतो, कारण वाकायला विरोध करणारं लाकूड आणि फायबरग्लास तेवढं वाढलेलं असतं. वजन वाढतं ते निराळंच. चांगला बनवणारा गाभ्याची जाडी कमी करून हा फरक भरून काढतो. जाडीचा परिणाम रुंदीपेक्षा कितीतरी मोठा असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे बदलसुद्धा पुरतात. तुमचं वजन विचारल्याशिवाय कोणी रुंदीची ऑर्डर घेत असेल, तर तिथून घेऊ नका. कोलोरॅडोत, मी राहतो त्या राज्यात, डोनेक ही कंपनी अशी कामं करते. ब्रेकनरिजच्या उतारांवर सॉफ्ट बूटमध्ये कार्व्हिंग करून जगभर माहीत झालेल्या रायन नॅप्टनच्या नावाचा बोर्डही त्यांचाच. तुम्हाला जवळ पडेल असं नाव म्हणजे स्वित्झर्लंडचं ऑक्सेस.

बोर्डात टायटॅनलचा, म्हणजे एका कणखर अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा, पत्रा घालू का, असंही ते विचारतील. त्याने थरथर खूप कमी होते आणि कडक बर्फावर एज शांतपणे धरून ठेवते. पण उड्या मारायच्या असतील किंवा टेकाडांतून जायचं असेल तर नको. धातू एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. फक्त उतारावर कार्व्ह करणार असाल तर मी हो म्हणेन.

साइडकटच्या त्रिज्येवर लोक पुरेसा विचार करत नाहीत, आणि मला वाटतं रुंदीइतकाच विचार तिच्यावर व्हायला हवा. बोर्ड जितका कलतो तितकं वळण लहान होतं: त्रिज्या गुणिले कलाचा कोसाइन. 10 मीटरचा साइडकट 45 अंशांवर 7 मीटरचं वळण घेतो आणि 60 अंशांवर 5 मीटरचं. त्या वळणात तोल सांभाळायला लागणारा वेग, सपाटीचा ढोबळ हिशेब धरला तर, 45 अंशांना ताशी 30 किलोमीटर आणि 60 अंशांना 33. साइडकट 14 मीटरचा घेतलात तर 60 अंशांना वेग लागतो जवळजवळ 39. हा फरक कागदावर छोटा वाटतो, पण शनिवारच्या गर्दीत तो मोठा असतो. शिवाय 60 अंशांवर पायांवर येणारा भार तुमच्या वजनाच्या दुप्पट असतो, वेग कोणताही असो. तुमच्यासाठी मी 9 ते 11 मीटरच्या मधे राहीन. शेपटीकडे बोर्ड नाकापेक्षा काही मिलिमीटर अरुंद ठेवायला सांगा, वळणाच्या शेवटी तो अलगद सुटतो.

असा बोर्ड नीट जमून आला की काय होतं ते सांगायला हवं, कारण एवढा खटाटोप त्याच्यासाठीच करायचा. सकाळी पहिल्या लिफ्टने वर जायचं. रात्री यंत्र फिरवून दाबलेल्या बर्फावरच्या रेघा अजून शाबूत असतात. पहिल्या वळणात बोर्ड कलतो, आणि जिथे आजवर बूट लागून खेळ संपायचा तिथे आता काहीच लागत नाही. तुम्ही आणखी खाली जाता, हातमोजा बर्फावरून सरकतो, मांडीवर भार येतो, आणि बोर्ड वाकलेला असल्यामुळे वळण संपताना तुम्हाला उचलून पुढच्या एजवर नेतो. भीती गेली की शरीर आपोआप मोकळं होतं. कंबर मोडून बसण्याची सवयसुद्धा निम्मी त्या भीतीमुळेच लागलेली असते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कार्व्ह करणारा माणूस उतार आडवा कापतो, कधी थोडा वरही चढतो, आणि मागून सरळ येणाऱ्याला ते अपेक्षित नसतं. खालच्याला जागा देणं ही वरच्याची जबाबदारी आहे हे खरं, पण टाचेच्या वळणात तुमची पाठ डोंगराच्या वरच्या बाजूला वळण्याआधी आणि पंजाच्या वळणात शिरण्याआधी वर एक नजर टाकाच. गर्दी वाढली की मी सरळ थांबतो.

जाता जाता गुलमर्गचं, कारण सुट्टीत तिकडेही जायचं म्हणता. अफरवाट डोंगरावर गंडोला, म्हणजे केबल कार, तुम्हाला जवळजवळ 4,000 मीटरपर्यंत नेते, पण तिथली खरी मौज आहे खोल, भुसभुशीत बर्फाची. रुंद बोर्ड त्यात छान तरंगतो, पण टायटॅनलचा कार्व्हिंग बोर्ड खडकांत आणि झाडांत नेऊ नका. तिथे साधा बोर्ड न्या.

ऑर्डरची वेळ म्हणाल तर हंगाम संपता संपता, वसंतात. हिवाळ्याच्या तोंडावर या छोट्या कारखान्यांत रांग लागलेली असते. पाठवताना वजन, बुटाची बाहेरची लांबी, दोन्ही कोन, दोन पायांतलं अंतर आणि तुमच्या नेहमीच्या उताराचं वर्णन पाठवा. शक्य तर वळण घेतानाचा एखादा व्हिडिओही. आणि बूट बदलायचे मनात असेल तर आधी बूट घ्या. बाहेरून आखूड बांधणीच्या बुटांनी तुमची लांबी एक-दीड सेंटीमीटरने कमी झाली, तर बोर्डाची कंबरही तेवढ्या प्रमाणात कमी करता येईल.