हिदायत मागणाऱ्याचा वाटा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शेजारी बावीस वर्षांपासून एक मुस्लिम कुटुंब राहते. त्या घरातील आपांचा थोरला मुलगा वाईट संगतीला लागला आणि आता घरातील दागिने विकण्यापर्यंत त्याची मजल गेली आहे. विषय निघाला की आपा डोळे पुसतात आणि एवढेच म्हणतात, ‘अल्लाह उसे हिदायत दे.’ त्यांच्या दुःखाविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्यांचे हे बोलणे ऐकून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. मी कुराणाचा मराठी अनुवाद वाचला. त्यात ‘अल्लाह ज्याला इच्छितो त्याला भरकटू देतो आणि ज्याला इच्छितो त्याला मार्गावर आणतो’ अशा आशयाचे वचन पुन्हा पुन्हा येते. असे असेल तर त्या मुलाचा दोष तो कोणता? आपांनी त्याची समजूत घालण्यासाठी तरी का झिजावे? आपल्याकडे ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणतात, त्याच जातीचा हा विचार आहे काय? आपांना हे विचारणे प्रशस्त वाटत नाही, म्हणून आपणांस लिहीत आहे.
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपण अनुवाद मिळवून वाचलात, याचा मला आनंद झाला. आपल्याच शहरात शिकून मोठे झालेल्या विनोबांनी पुढे अरबी भाषा आत्मसात करून कुराणाचा अभ्यास केला आणि त्यातील निवडक वचनांचा संग्रह सिद्ध केला. शेजाऱ्याचा धर्म त्याच्या ग्रंथातून समजून घेण्याची वाट वडोदऱ्याच्या मराठी माणसाला तशी नवी नाही. त्याच वाटेवरून थोडे पुढे जाऊन, आपण उद्धृत केलेले वचन शेवटपर्यंत वाचावे, अशी माझी पहिली विनंती आहे.

कुराणाच्या सोळाव्या सूरहमधील (अध्यायातील) त्र्याण्णवाव्या आयतीचा (वचनाचा) आशय असा आहे : अल्लाहने इच्छिले असते तर त्याने तुम्हा सर्वांचा एकच समुदाय केला असता, परंतु तो ज्याला इच्छितो त्याला भरकटू देतो आणि ज्याला इच्छितो त्याला मार्गावर आणतो, आणि तुम्ही जे करीत होता त्याविषयी तुम्हाला निश्चितच जाब विचारला जाईल. ज्या वाक्यामुळे आपण अडखळलात त्याच्या पाठोपाठ, त्याच आयतीत, जाब विचारण्याची गोष्ट आली आहे. ईश्वराची सत्ता आणि माणसाचे उत्तरदायित्व यांत कुराणाला विसंगती वाटत असती, तर ती दोन्ही एका श्वासात सांगितली गेली नसती. याच सूरहचे नाव ‘नहल’, म्हणजे मधमाशी, असे आहे. तिच्या अडुसष्टाव्या आयतीत, डोंगरात, झाडांवर आणि माणसांनी उभारलेल्या मांडवांवर घर कर, अशी प्रेरणा ईश्वराने मधमाशीला दिल्याचे वर्णन येते. मधमाशीलाही मार्गदर्शन आहेच. ते ती मोडूच शकत नाही आणि म्हणून तिला कोणी जाबही विचारत नाही. माणसाला मात्र तो विचारला जातो. एकाच सूरहमध्ये पंचवीस आयतींच्या अंतराने आलेल्या या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की आपल्या प्रश्नाची निम्मी गाठ सैल होते, असे मला वाटते.

उरलेली गाठ ‘हिदायत’ या शब्दात आहे. मराठीत आपण त्याचा अर्थ ‘सद्बुद्धी’ असा करतो आणि तेथेच थांबतो, परंतु कुराणाच्या भाष्यकारांनी या शब्दाचे दोन थर वेगळे केले आहेत. पहिला थर वाट दाखविण्याचा आहे. पैगंबर, ग्रंथ, माणसाची विवेकबुद्धी आणि चांगले-वाईट सांगणारे आईवडील हे सारे त्यात येतात. दुसरा थर त्या वाटेवर पाऊल पडण्याचा, मनाने ती स्वीकारण्याचा आहे. त्याला ‘तौफिक’ म्हणतात आणि ती केवळ ईश्वराच्या हाती आहे, असे मानतात. समूद नावाच्या प्राचीन लोकांविषयी एकेचाळिसाव्या सूरहमध्ये म्हटले आहे की आम्ही त्यांना हिदायत दिली, परंतु त्यांनी हिदायतीपेक्षा आंधळेपण पसंत केले. येथे हिदायत मिळाली आहे आणि नाकारलीही गेली आहे, म्हणजे हा पहिला थर होय. बेचाळिसाव्या सूरहमध्ये पैगंबरांना ‘तू सरळ मार्ग दाखवतोस’ असे सांगितले आहे, तर अठ्ठाविसाव्या सूरहमध्ये त्यांनाच ‘तुझे ज्याच्यावर प्रेम आहे त्याला तू मार्गावर आणू शकत नाहीस’ असे म्हटले आहे. हे दुसरे वचन पैगंबरांचे चुलते अबू तालिब यांच्या अंतकाळाशी जोडले जाते. ज्यांनी पोरक्या पुतण्याला वाढविले आणि मक्केतील विरोधकांपासून त्याचे रक्षण केले, त्या चुलत्यांनी इस्लाम स्वीकारावा म्हणून पैगंबर त्यांच्या शय्येपाशी आर्जव करीत होते, आणि सुन्नी परंपरेनुसार ते घडले नाही. आपल्या शेजारच्या आपा ज्या हतबलतेतून बोलतात ती हतबलता त्यांच्या पैगंबरांनीही भोगली होती, ही गोष्ट त्यांचे शब्द ऐकताना ध्यानात असावी.

आता ‘भरकटू देतो’ या शब्दांकडे वळू. कोणाला भरकटू देतो, याचे उत्तर कुराण दुसऱ्या सूरहच्या सव्विसाव्या आयतीत देते : जे मर्यादा मोडतात त्यांच्यावाचून इतर कोणाला नाही. एकसष्टाव्या सूरहमधील शब्द त्याहून स्पष्ट आहेत : जेव्हा ते वाकडे गेले, तेव्हा अल्लाहने त्यांची हृदये वाकडी केली. क्रम पाहावा, आधी माणूस वळतो, मग त्याचे वळण पक्के होते. त्र्याऐंशीव्या सूरहमध्ये म्हटले आहे की लोक जे कमावीत होते त्याचाच गंज त्यांच्या हृदयांवर चढला. याचा उलगडा करणारी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या सांगण्याची नोंद, तिर्मिझी यांच्या संग्रहात आहे. माणूस पाप करतो तेव्हा त्याच्या हृदयावर एक काळा ठिपका पडतो. त्याने पश्चात्ताप केला तर हृदय पुन्हा लख्ख होते, पण तो तेच करीत राहिला तर ठिपका वाढत जाऊन सारे हृदय व्यापतो. व्यसनी माणसाच्या घरात राहिलेल्या कोणालाही या वर्णनाचे सत्य निराळे पटवून द्यावे लागणार नाही. पहिल्या दिवशी त्या मुलाला ‘नको’ म्हणणे जितके सोपे होते तितके ते आज राहिलेले नाही, आणि तरीही पश्चात्तापाचे, म्हणजे ‘तौबा’चे, दार त्याच्यासाठी बंद झालेले नाही.

हा प्रश्न आपल्यालाच पडला असे नाही. हिजरी सनाच्या पहिल्या शतकापासून मुस्लिम विद्वानांनी त्यावर वाद घातले आणि काहींनी त्यापायी प्राणही गमावले. माणूस वाऱ्यावरच्या पिसासारखा परस्वाधीन आहे असे मानणाऱ्यांना ‘जबरिया’ म्हटले गेले. याउलट माणूस आपल्या कृतीचा कर्ता आहे असे सांगणाऱ्या गैलान दमिश्की यांना उमय्या घराण्यातील खलिफा हिशाम यांच्या कारकिर्दीत देहान्त शासन झाले. जे घडते ते ईश्वरेच्छेनेच घडते, ही शिकवण जुलमी राज्यकर्त्याला किती सोयीची असते, हे यावरून कळावे. पुढे बसरा येथे वासिल इब्न अता यांच्यापासून सुरू झालेल्या मुअतझिला पंथाने, ईश्वर न्यायी असेल तर त्याने माणसाला खरे स्वातंत्र्य दिलेच असले पाहिजे, असा आग्रह धरला. इसवी सनाच्या दहाव्या शतकात अशअरी यांनी मधला मार्ग सुचविला : कृती निर्माण करतो ईश्वर, पण ती ‘कमावतो’ माणूस. या कमाईला त्यांनी योजलेला शब्द ‘कस्ब’ हा आहे, आणि तोच आपल्या मराठीत ‘कसब’ होऊन राहिला आहे. समरकंदचे मातुरीदी यांनी माणसाच्या निवडीला अशअरींपेक्षा अधिक जागा दिली. भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी, म्हणजे मातुरीदींच्याच विधिपरंपरेचे, असल्यामुळे त्यांच्या विद्वानांवर मातुरीदींचाच प्रभाव अधिक आहे.

निवडीसाठी अरबी शब्द ‘इख्तियार’ असा आहे. आपला ‘अखत्यार’ तेथूनच आला आणि ‘मुखत्यार’ त्याचाच भाऊ. मला तर हे मुखत्यारपत्र समजुतीला फार उपयोगी वाटते. ‘अल्लाहने इच्छिल्यावाचून तुम्ही इच्छूही शकत नाही’ हे कुराणातील वचन निवडीचा निषेध करते असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु मुखत्याराने केलेली सही त्याची स्वतःची असते, तिच्याबद्दल तो मालकाला जबाबदार असतो आणि तरीही सही करण्याचा अधिकार मूळ मालकाकडून आलेला असतो. उपमा पुरती लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. मालकाला मुखत्याराचे मन ठाऊक नसते, ईश्वराला ते ठाऊक असते असे मुसलमान मानतो. पण आधी ठाऊक असणे म्हणजे भाग पाडणे नव्हे, आणि याविषयी बहुतेक विचारवंतांचे एकमत आहे.

या साऱ्या शास्त्रचर्चेपेक्षा मला स्वतःला कुराणातील एक कथा अधिक उलगडा करणारी वाटते. सातव्या सूरहमध्ये इब्लिस, म्हणजे सैतान, आणि आदम या दोघांच्या हातून आज्ञाभंग होतो. इब्लिस ईश्वराला म्हणतो, ‘तूच मला भरकटविलेस.’ आदम आणि त्याची पत्नी म्हणतात, ‘हे आमच्या पालनकर्त्या, आम्ही स्वतःवरच अन्याय केला.’ दोघांचा ईश्वर एकच आणि त्याची सर्वसत्ताही दोघांना सारखीच मान्य. परंतु एक आपला दोष तिच्यावर ढकलतो आणि दुसरा तो स्वतःकडे घेऊन क्षमा मागतो. दैवाची सबब हे सैतानाचे बोलणे आहे, असे इस्लामी परंपरा इतक्या आरंभी सांगून ठेवते. म्हणूनच ‘खाटल्यावरी’ हा विचार तिच्या माथी मारता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. काही मुसलमान तसे बोलतात आणि वागतात हे खरे, पण तसे बोलणारे आपल्याही घरांत कमी नाहीत.

हाच विचार व्यवहारात कसा उतरला याचे उदाहरण इ.स. ६३८-३९ च्या सुमाराचे आहे. खलिफा उमर सीरियाकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना पुढे प्लेग पसरल्याची वार्ता मिळाली. त्यांनी सोबत्यांशी मसलत करून परत फिरण्याचे ठरविले. तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, ‘अल्लाहने ठरविलेल्यापासून पळून जाता काय?’ उमर म्हणाले की होय, अल्लाहने ठरविलेल्यापासून अल्लाहने ठरविलेल्याकडेच पळत आहोत; आणि त्यांनी दृष्टान्त दिला की तुमचे उंट एका दरीत उतरले, जिची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी उजाड आहे, तर हिरव्या बाजूला चारले तरी अल्लाहच्या ठरविण्यानेच चाराल आणि उजाड बाजूला चारले तरी त्याच्याच ठरविण्याने. तकदीर दोन्हीकडे आहे. उंट कोठे न्यायचे हे मात्र राखणाऱ्याने पाहायचे आहे.

मुसलमान दिवसाच्या पाच नमाजांत मिळून सतरा फर्ज (अनिवार्य) रकात, म्हणजे नमाजाची आवर्तने, पढतो आणि प्रत्येक रकातीत फातिहा ही कुराणाची पहिली सूरह येते, ज्यात ‘आम्हाला सरळ मार्ग दाखव’ अशी याचना आहे. जो आधीच श्रद्धावान आहे त्यानेही रोज किमान सतरा वेळा हिदायत मागावी, ही योजना मला अर्थपूर्ण वाटते. मागणे ही इच्छेची कृती आहे, आणि ज्याला इच्छाच नाही त्याच्याकडून मागणे करवून घेण्यात काही अर्थ उरत नाही. शिवाय शब्द ‘मला’ नसून ‘आम्हाला’ असा आहे. आपा मुलासाठी जे मागतात ते दुसऱ्या थराचे आहे, जे त्यांच्या हाती नाही. पहिल्या थराचे सारे, म्हणजे समजावणे, दागिने कुलपात ठेवणे, व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी त्याला डॉक्टरांकडे नेणे, हे त्यांच्याच अखत्यारातले आहे. आणि आपल्यासारखी जुनी शेजारीण त्यात हातभार लावू शकते. मुस्लिम या नावाच्या संकलकांच्या हदीससंग्रहात पैगंबरांचे सांगणे असे आहे की जे हिताचे आहे त्यासाठी झटा, अल्लाहचे साहाय्य मागा आणि हात टेकू नका. मात्र एखादी आपत्ती कोसळलीच तर ‘असे केले असते तर’ म्हणत बसू नका, अल्लाहने ठरविले ते झाले असे म्हणा. झटण्याच्या वेळी झटणे आणि घडून गेल्यावर तकदीर, असा हा क्रम आहे. आपांना आपण विचाराल तेव्हा ‘मुलाचा दोष काय’ असे न विचारता ‘आज त्याच्यासाठी आपण काय करू या’ असे विचारावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या भागात बोहरा समाजाची वस्ती आहे. या विषयात शिया आणि सुन्नी यांच्या भूमिका वेगळ्या आहेत काय? आणि सारे आधीच लिहिलेले असेल तर दुआ कशासाठी?
— एक वाचक, वाडी, वडोदरा

उत्तर : शिया परंपरेचे सूत्र इमाम जाफर सादिक (निधन इ.स. ७६५) यांच्या नावे सांगितले जाते : सक्ती नाही आणि सारे माणसावर सोपवून देणेही नाही, तर दोहोंच्या मधली गोष्ट. ज्यांचे प्रमुख पीठ आपल्या वडोदऱ्यात आहे ते शिया पंथातील अलवी बोहरा त्यांना आपल्या इमामांपैकी एक मानतात. शिया विचार ईश्वराच्या न्यायावर अधिक भर देतो आणि तेवढ्यापुरता तो मुअतझिलांच्या जवळ जातो. परंतु माणूस जबाबदार आहे, हे दोन्हीकडे सारखेच मान्य आहे.

दुआविषयी तिर्मिझी यांच्या संग्रहातील एक संवाद पुरेसा आहे. पैगंबरांना कोणी विचारले की आम्ही जी औषधे घेतो, ज्या प्रार्थना म्हणतो आणि जी खबरदारी बाळगतो, त्यांनी अल्लाहचे ठरलेले काही टळते काय? ते म्हणाले, ‘तीही अल्लाहच्या ठरविण्यातलीच आहेत.’ प्रश्नकर्त्याने औषध आणि प्रार्थना यांची नावे एका ओळीत घेतली होती आणि उत्तरातही त्यांच्यात भेद केला गेला नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला मुसलमान दुआही करतो आणि औषधाची वेळही सांभाळतो, ते याच आधारावर.