ढाळ, ओली तंबाखू आणि पेशीचं दार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. घशाखाली उतरलं म्हणजे अंगात गेलं आणि कातडीला लागलं ते बाहेरच राहिलं, असं बहुतेकांना वाटतं. आतड्यात पडलेलं पाणीसुद्धा पेशीचा पडदा ओलांडेपर्यंत शरीराच्या बाहेरच असतं. हा पडदा चरबीच्या रेणूंच्या दोन थरांचा असतो. त्यातून कोण जातं आणि कोण अडतं, हे माहीत नसल्यामुळे घरोघरी चुका होतात. म्हणून या वेळी त्याच धाग्यातले प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : मुलगी पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहे. डिफ्यूजन आणि ऑस्मॉसिस यांत तिचा घोटाळा होतो. (पालक, टिळकवाडी)

पदार्थ दाटीकडून विरळाकडे पसरतो, ते डिफ्यूजन. पडद्याने पदार्थाला अडवलं की पाणीच त्याच्या दाटीकडे जातं, ते ऑस्मॉसिस. कैरीच्या फोडींना मीठ लावून तासाभराने पातेलं कलतं करून तिला दाखवा. तळाला साचलेलं पाणी फोडींतून आलेलं असतं.

प्रश्न : वडील दर महिन्याला ताकदीसाठी सलाईन लावून घेतात. चालेल का? (हुक्केरी)

नाही. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका भाकरीइतकीही ताकद नाही. हृदय किंवा किडनी अधू असेल तर हेच पाणी फुप्फुसात साचतं. अशक्तपणाचं कारण शोधायला त्यांना फिजिशियनकडे न्या.

प्रश्न : दीड वर्षाच्या नातवाला दोन दिवस ढाळ लागलेत. मेडिकलातून फळाच्या चवीचं ओआरएसचं खोकं आणून पाजलं, ग्लुकोज पावडरही दिली. ढाळ वाढलेच. शेजारी म्हणतात पाणी बंद करा, पोट आपोआप बांधेल. (आजी, जांबोटी भाग, खानापूर तालुका)

आजी, तुमचं पत्र माझ्या हातात पडेपर्यंत आठवडा उलटला. नातू आता बरा असेल अशी आशा करतो. पण दीड वर्षाच्या मुलाला दोन दिवस ढाळ लागले आणि ते वाढत असले, तर पत्र लिहीत बसू नका. त्याला उचलून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

पाणी बंद करू नका. ढाळांतून ते जातच राहतं, आणि वरून दिलं नाही तर मूल सुकतं.

आता खोक्याचं. ओआरएस म्हणजे ढाळात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी. आतड्यातून पाणी रक्तात ओढून न्यायला मीठ लागतं आणि मिठाला आत न्यायला साखर लागते. आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन असतं. ते सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण बरोबरच आत घेतं. नुसती साखर आली किंवा नुसतं मीठ आलं, तर हे दार उघडत नाही. जोडी आत गेली की पाणी तिच्यामागून जातं. पटकीत (कॉलऱ्यात) दुसऱ्या वाटांनी पाण्याचे लोट बाहेर पडत असतात, तेव्हाही हे दार चालू राहतं. या जोडीची कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. १९७१ मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं.

यात सगळं प्रमाणावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसच्या सूत्रात लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. मागच्या महिन्यात एका आईने पिशवीतून तुमच्यासारखंच खोकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. पुढे संत्र्याचं चित्र होतं, मागे मुंगीएवढ्या अक्षरात तक्ता. भिंग घेऊन वाचला : १०० मिलीत साखर ११ ग्रॅम. म्हणजे लिटरला ११०, हवी त्याच्या आठपट, आणि मीठ नावापुरतं. एवढी साखर आतड्यात पडली की कैरीच्या फोडींचं होतं तेच होतं. पाणी अंगातून आतड्यात ओढलं जातं आणि ढाळ वाढतात. घाबरलेल्या आईला औषध म्हणून सरबत विकणं ही फसवणूक आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. त्याला फार उशीर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

खऱ्या ओआरएसच्या पाकिटावरचा मजकूर कानडीत किंवा इंग्रजीत असतो, म्हणून आपल्या बेळगाव भागात बायका चित्र बघून घेतात. त्यापेक्षा आकडा बघा : २०.५ ग्रॅम, एक लिटर. वाचता येत नसेल तर आशाताईंना विचारा. अख्खं पाकीट पूर्ण लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा. तांब्याभर पाण्यात सगळं ओतलं तर मीठ प्रमाणाबाहेर होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. लहान पाकिटं २०० मिलीची असतात, त्यांना तेवढंच पाणी घाला. कालवलेलं चोवीस तासांनी फेकून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक ढाळानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालू ठेवा. झिंकचं औषध किती आणि किती दिवस द्यायचं, ते डॉक्टरांना विचारा.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, सहा तासांत लघवी नाही, पोटाची चिमटी सोडल्यावर कातडी सावकाश बसते, मूल गुंगीत आहे किंवा ढाळात रक्त आहे, यातलं एकही दिसलं तर सकाळच्या बसची वाट पाहू नका. मिळेल त्या गाडीने निघा आणि वाटेत चमचा चालू ठेवा.

प्रश्न : तंबाखूचे फुटवे काढायला गेलं की संध्याकाळी मळमळतं, गरगरतं. मी तर तंबाखू खातही नाही. घरचे म्हणतात ऊन लागलं. (शेतमजूर महिला, निपाणी भाग)

ताई, ऊन नसून हे तंबाखूतलं निकोटीन असू शकतं. निकोटीनचा कण लहान असतो, पाण्यातही विरघळतो आणि चरबीतही. त्यामुळे पेशीचा पडदा ओलांडायला त्याला दार लागत नाही. दवाने किंवा घामाने ओलं झालेलं पान हाताला घासलं की ते कातडीतून आत जातं. दव उतरल्यावर रानात जा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे वापरा, ओले कपडे लगेच बदला, हात साबणाने धुवा. त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. तरी दवाखान्यात दाखवा आणि 'तंबाखूच्या रानात होते' हे, आणि फवारणी झाली असेल तर तेही, आधी सांगा, कारण कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणं अशीच असतात. दिवस गेले असतील तर हे काम करूच नका.

चुना लावून तंबाखू मळणाऱ्यांनीही ऐकावं. चुन्यामुळे निकोटीनवरचा विद्युतभार जातो आणि ते गालाच्या आतल्या पातळ कातडीतून झटकन रक्तात शिरतं. 'थोडा चुना तब्येतीला बरा' ही ऐकीव गोष्ट आहे.

प्रश्न : 'अल्कलाइन' पाणी थेट पेशीत शिरतं म्हणतात. मशीन घ्यावं का? (शहापूर, बेळगाव)

घेऊ नका. पाण्यासाठी पेशींना ॲक्वापोरिन नावाच्या वाटा असतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्र यांना २००३ चं नोबेल मिळालं. त्यांतून तुमच्या विहिरीचं पाणीही तसंच जातं.

प्रश्न : शुगरच्या नव्या गोळीपासून लघवीत साखर भरपूर येते. लॅबवाला म्हणाला किडनी गळतेय. गोळी बंद केली. (निवृत्त शिक्षक, चिकोडी)

सर, बंद करण्याआधी विचारायला हवं होतं. गोळीच्या नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा असेल तर लघवीतली साखर हे तिचं कामच आहे. वर सांगितलं तसंच मीठ-साखरेचं दार किडनीतही असतं. गाळलेली साखर ते परत रक्तात घेतं. ही गोळी ते अडवते, म्हणून साखर लघवीवाटे जाते. आजच तुमच्या डॉक्टरांशी बोला. पुन्हा सुरू करायची की नाही, ते किडनीचे रिपोर्ट बघून तेच ठरवतील. आणि एक लक्षात ठेवा : ही गोळी चालू असताना उलट्या-ढाळ लागले, कडक उपास धरला किंवा ऑपरेशन ठरलं, तर गोळी थांबवायची का हे त्याच दिवशी विचारा. शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि धाप लागेपर्यंत घरच्यांच्या ध्यानात येत नाही.