लग्न एका दिवसाचं, मग तिकिटं तीन आठवड्यांची का?

प्रिय सोनू,

रात्रपाळीवरून आले तर फ्रिजवर तुझी पिवळी चिठ्ठी. "आई, मामाचं लग्न एका दिवसाचं आहे, मग आपण तीन आठवडे आधी का जातोय? माझी सायन्सची टेस्ट बुडेल." टेस्टचं बघू, तुझ्या मॅडमना मी ईमेल करते. पण लग्न एका दिवसाचं असतं हे तुला कुणी सांगितलं?

रविवारच्या मराठी शाळेत आता तुला जोडाक्षरं जमायला लागली आहेत, म्हणून उत्तर मराठीतच लिहितेय. अडलं तर बाबांना विचार. फक्त कानपिळीबद्दल त्यांना विचारू नकोस, ते पुढे येतंय.

खरं सांगू? २०१२ च्या डिसेंबरात माझं लग्न झालं, त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही. होमाच्या धुराने डोळे चुरचुरत होते, मुंडावळ्या सारख्या नाकावर येत होत्या आणि जेवायला साडेतीन वाजले. बाकी सगळं फोटोत बघूनच आठवतं. त्याच्या आधीचे तीन आठवडे मात्र आजही घड्याळ लावून सांगू शकेन.

सुरुवात हॉलपासून झाली. बडोद्यात डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत गुजराती लोक लग्नं करत नाहीत. सूर्य धनु राशीत असतो, त्याला ते कमुरता म्हणतात. आपल्या पंचांगात मात्र मार्गशीर्षातले मुहूर्त असतात. त्यामुळे बडोद्यातली मराठी माणसं गुपचूप खूश असतात, कारण तेव्हा हॉल मोकळे, केटररवाला फोन उचलतो आणि बँडवाला भाव कमी करतो. शेजारच्या हंसाबेननी तारीख ऐकली आणि हातातली चाळणी तशीच धरून म्हणाल्या, "कमुरतामां?" आजीने त्यांना दाते पंचांग उघडून दाखवलं. हंसाबेनना मराठी वाचता येत नाही. तरी त्यांनी पान नीट बघितलं आणि मान हलवली. शेजारधर्म म्हणजे काय, हे मला तेव्हा दिसलं.

मग पत्रिका. पहिली वाडी भागातल्या ढुंढिराज गणपतीपुढे ठेवली, ती आमची पद्धत. त्यानंतर घरोघर जायचं, हातात हळदकुंकू आणि अक्षता, आणि "सगळ्यांनी यायचं बरं का" हे वाक्य दिवसाला तीस वेळा. तुला वाटेल, व्हॉट्सअ‍ॅप कर की. केलं तर माणसं येतात, नाही असं नाही, पण पुढची दहा वर्षं बोलून दाखवतात. आजोबांनी यादी नावांप्रमाणे न करता रस्त्यांप्रमाणे केली होती. एक दिवस दांडिया बाजार नि रावपुरा, एक दिवस बाबाजीपुरा, एक दिवस नदीपलीकडचा अलकापुरीचा भाग. मी अ‍ॅक्टिव्हा चालवायची, मामा मागे पिशवी धरून बसायचा. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि प्रत्येक घरी लाडू खायचा, त्यामुळे चौथ्या घरानंतर झोपायचा. चालत्या गाडीवर.

यादी आली कुठून? आजोबांच्या आहेराच्या वहीतून. लाल पुठ्ठ्याची लांबट वही, तिच्यात आपल्या घरच्या प्रत्येक कार्यात कुणी काय दिलं ते लिहिलेलं. माझ्या आईबाबांच्या लग्नाच्या पानावर "रु. ११ व स्टीलचे पातेले (मध्यम)" अशी नोंद आहे. कंसातलं मध्यम महत्त्वाचं. उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की त्याहून थोडं जास्त द्यायचं, बरोबरीचं नाही आणि फार जास्तही नाही. गुजराती लग्नात चांदलो, म्हणजे रोख आहेर, लिहायला एक माणूस उघड टेबल टाकून बसतो. आपण पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापतो आणि घरी वही ठेवतो. मला विचारशील तर त्यांचं जास्त प्रामाणिक आहे.

आणि केळवणं! आजी फोनवर "केळवणाला कुठे कुठे जायचं ते ठरलंय" म्हणाली तेव्हा तू केळ्याचं काहीतरी असेल असं समजलीस ना? केळवण म्हणजे लग्न ठरलेल्या मुलीला किंवा मुलाला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी लग्नाआधी घरी बोलावून जेवू घालायचं. पाट मांडायचा, ताटाभोवती रांगोळीची महिरप काढायची, ओवाळायचं, मुलीची ओटी भरायची. आणि जेवण सुरू होण्याआधी उखाणा घ्यायला लावायचा. म्हणजे अजून लग्न व्हायचंय त्या माणसाचं नाव यमकात घ्यायचं, वीस जणांसमोर. माझी अकरा केळवणं झाली. पहिल्या सातांमध्ये पाच ठिकाणी श्रीखंड-पुरी होती. हंसाबेननी मात्र उंधियू केला, कारण थंडी होती आणि त्यांच्या मते डिसेंबरात दुसरं काही करणं म्हणजे गुन्हा. त्यांना उखाणा माहीत नव्हता, म्हणून त्यांच्या सुनेने गुजरातीत काहीतरी जुळवलं आणि माझ्याकडून म्हणवून घेतलं. बाबांच्या नावाला यमक म्हणून त्यात रिक्षा आली होती. एवढंच सांगते.

आठवं केळवण अक्कांकडे. माझ्या बाबांची आत्या, दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. जिना इतका अरुंद की भरलेली पिशवी डोक्यावर धरून चढावं लागायचं. तेव्हा त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशी फोन केला, "तुला काय हवं ते सांग, लाजू नकोस." मी खरंच लाजले नाही. म्हटलं, "अक्का, पिठलं-भात." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "केळवणाला पिठलं? तुझ्या आईला तोंड दाखवू का नको?"

दुसऱ्या दिवशी गेले तर पाटाभोवती चारही बाजूंना रांगोळी, समई, चांदीची वाटी, आणि त्या चांदीच्या वाटीत पिठलं. लसणाची फोडणी वरून घातलेली, तिखटाचं लाल तेल कडेला सुटलेलं. ताटाच्या डाव्या कोपऱ्यात चमचाभर श्रीखंड होतं. "शास्त्रापुरतं," अक्का म्हणाल्या, "कुणी विचारलं तर सांगायला." मी तीन वेळा भात घेतला. त्या जेवल्या नाहीत, समोर बसून पदराने वारा घालत राहिल्या. डिसेंबरात. ओटीत खण, नारळ, तांदूळ घातले आणि वर कुंकवाचा करंडा ठेवला, त्यांच्या लग्नातला. झाकणाची एक कडी तुटलेली होती, तिथे त्यांनी काळ्या दोऱ्याने बांधलं होतं. आपल्या देवघरात जो करंडा आहे ना, ज्यात तू तुझा पडलेला दात ठेवला होतास आणि मी ओरडले होते, तोच तो. आता कळलं का ओरडले ते.

बाकीची खरेदी, धावपळ सगळीकडे असते तशीच. मंगळबाजारात अस्तर आणि पिना, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत मंगळसूत्र, शिंप्याने ब्लाउज चुकवला, पुन्हा शिवला, पुन्हा चुकवला. लग्नाच्या पहाटे फुलं आणायला खंडेराव मार्केटला गेलो, तो मात्र वेगळा अनुभव. १९०६ ची ती इमारत बाहेरून राजवाड्यासारखी दिसते आणि आत झेंडूचे ढीग. अंधारात नुसता वास यायचा, फुलं नंतर दिसायची.

तुला "का" विचारायची सवय आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. आमच्या गुरुजींनी प्रत्येक विधीआधी थांबून त्याचा अर्थ मराठीत आणि बाबांच्या गुजराती मित्रांसाठी गुजरातीत सांगितला. पुण्याहून आलेल्या काकांना ते फार लांबण वाटलं. पण बडोद्यात त्याला मोठी परंपरा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१५ मध्ये पुरोहितांसाठी कायदाच केला होता की पौरोहित्य करायचं तर परीक्षा द्या आणि विधीचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत समजावून सांगा. त्याआधी १९०४ मध्ये त्यांनी बालविवाहाविरुद्ध कायदा केला, मुलीचं वय निदान बारा आणि मुलाचं सोळा असलं पाहिजे म्हणून. बारा! तू पुढच्या वर्षी अकराची होशील. हे वाचून तुझा चेहरा कसा होईल ते मला इथूनच दिसतंय, आणि त्या काळी एवढ्या वयालासुद्धा लोकांनी कुरकुर केली. तर मामाच्या लग्नात अंतरपाट का धरतात, अक्षता का टाकतात हे गुरुजींना बिनधास्त विचार. मात्र मंगलाष्टकं चालू असताना नाही.

कानपिळी. वधूचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि त्याला त्याबद्दल भेट मिळते. मामाने बाबांचा कान खरोखरच पिळला. फोटोग्राफर म्हणाला, "दिसलं नाही, परत घ्या," तर परत पिळला. या वेळी मामा नवरा मुलगा आहे आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला दोन भाऊ आहेत. बाबांनी रजा टाकली त्याचं खरं कारण हेच आहे.

लग्न झालं म्हणजे संपलं असंही नाही. मला इकडे यायला व्हिसा हवा होता, व्हिसाला लग्नाचा दाखला हवा होता, आणि दाखल्याला पुरावा म्हणून पत्रिका. पत्रिकेवर माझ्या नावाआधी रीतीप्रमाणे "चि. सौ. कां." छापलेलं होतं, म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. सरकारी खिडकीवरच्या गुजराती साहेबांना ते माझ्या नावाचाच भाग वाटलं. टाइप होऊन आलेल्या मसुद्यात माझं नाव "चिसौकां" पासून सुरू होत होतं. आजोबा समजावायला गेले तर ते म्हणाले, "पत्रिकेत आहे तेच लिहिलंय." बरोबरच होतं त्यांचं! तीन फेऱ्या, एक प्रतिज्ञापत्र आणि शेवटी त्यांच्याच टेबलावरच्या एका बाईंनी, ज्या माहेरच्या मराठी निघाल्या, हसत हसत ते खोडलं. बाबा अजून कधीकधी मला चिसौकां म्हणतात. तुला वाटायचं ते काहीतरी जपानी आहे.

आणि मग पंधरा-वीस दिवसांत संक्रांत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवतात आणि हलव्याचे दागिने घालतात. तिळावर साखरेचा पाक चढवून काटेरी हलवा करतात, तो दोऱ्यात ओवून हार, बांगड्या, बिंदी, अगदी नथसुद्धा. हे पुण्यात घरात बसून करतात. बडोद्यात त्याच दिवशी उत्तरायण असते आणि अख्खं गाव गच्चीवर असतं. कारेलीबागेतल्या घरी तुझी दुसरी आजी म्हणाली, "फोटो गच्चीवर काढू, उजेड छान आहे."

उजेड छानच होता. शेजारच्या गच्चीवर कुणाची तरी पतंग कापली गेली, "लपेट, लपेट" असा गलका झाला, आणि वरून तरंगत आलेला मांजा माझ्या हारात अडकला. आजी पहिल्यांदा माझ्या गळ्यावर हात ठेवायला धावली, कारण मांजाने गळा कापतो, तिथे ती चेष्टा नाही. मला काही झालं नाही. पण दोरा तुटला आणि हलव्याचा एकेक दाणा गच्चीभर पसरला. आजूबाजूची सात-आठ पोरं कुठून आली कळलं नाही, खाली बसून वेचून वेचून खाऊ लागली. तुझी आजी म्हणाली, "झालं, बोरन्हाण आधीच झालं." सगळ्या बायका हसल्या. मला तेव्हा कळलं नाही, हे लहान मुलाच्या पहिल्या संक्रांतीला करतात. चौथ्या दिवशी आमचं विमान होतं.

तर तीन आठवडे असे जातात. मामाच्या लग्नात मी करवली म्हणून त्याच्या मागे करा घेऊन उभी राहणार, आणि आजीने ठरवलंय की तू दिवा धरायचास. तो विझू द्यायचा नाही, म्हणजे तुझं सगळं लक्ष दिव्याकडे राहणार आणि लग्न दिसणार नाही. बघ, मी म्हटलं होतं ना.

तुझ्या बॅगेत दोन गोष्टी मुद्दाम टाक. एक स्वेटर, कारण अ‍ॅक्टिव्हावर सकाळी गार वारा लागतो. आणि एक रिकामी वही. आजोबांचे हात हल्ली थरथरतात, आहेराच्या वहीत यंदा लिहायचं कुणी यावर तिकडे चर्चा चालू आहे. तुझं अक्षर बरं आहे. आधी दुसऱ्या वहीत सराव कर, "रुपये" मधला रु ऱ्हस्व असतो, आणि पातेलं असेल तर कंसात आकार लिहायचा.

डब्यात उपमा ठेवलाय. मी झोपते आता, उठवू नकोस.

तुझी,
आई