"तुमचे देव तीन का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावं

सांगलीच्या ताई, सलाम. तुमच्या लेकीला कॉलेजातल्या मैत्रिणीनं विचारलं, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, म्हणजे तुम्हा ख्रिस्ती लोकांचे देव तीन का गं? आमच्या ब्रह्मा-विष्णू-महेशासारखंच ना?" आणि तिला उत्तर सुचलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मैत्रिणीनं आपुलकीनं विचारलंय, तेव्हा उत्तरही तसंच द्यावं.

आधी ठाम सांगायचं ते हे की देव एकच. येशूचे शिष्य यहुदी होते; परमेश्वर एकच, हे लहानपणापासून त्यांच्या ओठांवर होतं. त्याच माणसांपैकी थोमानं पुनरुत्थित येशूला 'माझा प्रभू, माझा देव' म्हटलं. पुनरुत्थानापासून पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला, तेव्हा देव स्वतः आपल्यात राहायला आलाय हे त्यांनी अनुभवलं. एकच देव ही श्रद्धा सुटेना आणि हा अनुभव नाकारता येईना. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे उमगलं ते या पेचातून. ३२५ साली निकिया इथं भरलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेनं 'पुत्र हा निर्माण केलेला' हे एरियस नावाच्या धर्मगुरूचं मत नाकारलं, ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याविषयीची कबुली विस्तारली. पण पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा त्याच्या कितीतरी आधीपासून होत होता.

पाणी, बर्फ, वाफ हा शब्बाथ शाळेतला (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गातला) दाखला मात्र कृपा करून देऊ नका. त्यात एकच वस्तू वेळेनुसार रूप बदलते. पण बायबलात यार्देन नदीवर पुत्र बाप्तिस्मा घेतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी आकाशातून येतेय, सगळं एकाच वेळी. गेथशेमाने बागेत येशू पित्याची विनवणी करतो, ती स्वतःशीच केलेली असेल का? देव फक्त रूपं बदलतो, हे सबेलियस नावाच्या शिक्षकाचं मत ख्रिस्ती मंडळीनं तिसऱ्या शतकातच नाकारलंय.

त्रिमूर्तीचा अर्थ मैत्रिणीच्या घरच्यांनी सांगावा, तो अधिकार आपला नाही. आपल्यापुरतं एवढंच सांगा की पिता, पुत्र, आत्मा यांच्यात कामांची वाटणी नाही. जगाची उत्पत्ती असो वा माणसाचं पापातून तारण, तिघं मिळून एकच देव ते करतो.

मग रोजच्या जगण्यात हे कुठे दिसतं? तुमच्या घरच्या प्रार्थनेत. हाक पित्याला, ती येशूच्या नावानं, आणि शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं प्रेषित पौल बायबलातल्या रोमकरांस पत्रात म्हणतो. साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू करणाऱ्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. त्यानं पित्याची भक्ती तसूभर कमी झाली नाही.

मला स्वतःला सर्वांत मोलाचं वाटतं ते बायबलातलं योहानाचं वाक्य: देव प्रीती आहे. जग नव्हतं तेव्हा देव कोणावर प्रीती करत होता? तो एकाकी असता तर प्रीतीसाठी त्याला आपली गरज पडली असती. पण जगाच्या उत्पत्तीपूर्वीच पित्याची पुत्रावर प्रीती होती, हे येशूच्याच प्रार्थनेत आहे. म्हणजे देवानं आपल्याला घडवलं ते गरजेपोटी नाही, भरून वाहणाऱ्या प्रीतीपोटी.

लेकीला सांगा, परिषदा आणि सालं मैत्रिणीनं विचारली तरच काढ. आधी घरी आपण प्रार्थना कशी करतो तेवढं सांग.