'मानवी दोष' की 'मानवी चूक'?

प्रश्न असा आहे: विमान अपघातांवरच्या मजकुरात 'ह्यूमन एरर'ला 'मानवी दोष' लिहावं की 'मानवी चूक'? आणि 'स्लिप', 'लॅप्स', 'मिस्टेक' या तिघांनाही 'चूक'च म्हणायचं का?

'दोष' नकोच. दोष माणसात असतो किंवा माणसाला दिला जातो, चूक होते. विमान अपघाताच्या तपासासाठी इकाओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं, परिशिष्ट १३ आहे. तपासाचा हेतू पुन्हा असं घडू नये एवढाच, दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा नव्हे, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. बातम्यांत दिसणारा 'वैमानिकाचा निष्काळजीपणा' तर त्याहून वाईट. तो निकालच झाला, तोही सुनावणीआधी.

मला मात्र नामापेक्षा त्याच्याबरोबरचं क्रियापद महत्त्वाचं वाटतं. 'त्याने चूक केली' आणि 'त्याच्या हातून चूक झाली' ही दोन वाक्यं एक नाहीत. दुसऱ्यात माणूस कर्ता उरतच नाही. हे 'हातून' अगदी शब्दशः घ्यावं असा एक किस्सा आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमान उतरल्यावर वैमानिक फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आत घ्यायला जात आणि चाकंच आत घेत. विमान पोटावर बसे. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि दिसायला, हाताला सारखेच. त्याने चाकांच्या खटक्यावर चाकासारखी मूठ आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखी मूठ बसवण्याचा उपाय काढला, म्हणजे न बघताही हाताला फरक कळावा. 'वैमानिकाने चूक केली' एवढ्यावर थांबलं असतं, तर खटक्यांकडे कुणी कशाला बघितलं असतं?

आता तुमचे तीन शब्द. ही विभागणी मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या १९९०च्या मांडणीमुळे रुळली. गंमत म्हणजे आपलं 'चुकणे' नेमालाही चालतं आणि वाटेलाही. नेम चुकला म्हणजे मारायचं काय ते बरोबर ठरलं होतं, हात हलला: ही स्लिप. वाट चुकली म्हणजे पावलं नीट पडत होती, रस्ताच भलता: ही मिस्टेक. म्हणून पहिलीला 'अनवधानाची चूक' आणि दुसरीला 'समजुतीची चूक' म्हणावं. 'नजरचूक' जवळचा वाटतो, पण तो डोळ्यांपुरताच. लॅप्स म्हणजे सरळ 'विसर'. हिशेबाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहितात, त्यातली 'भूल' खरं तर इथे चपखल बसली असती. पण ती एकटी आली की शस्त्रक्रियाच आठवते. जाणूनबुजून मोडलेल्या नियमाला चूक म्हणूच नये, तो 'नियमभंग'.

'एरर मॅनेजमेंट'ला 'चूक-व्यवस्थापन' असं कुणीतरी केलेलं दिसतं. चुकांचं गोदाम सांभाळायचं आहे की काय! मी 'चूक सावरणे' लिहीन. सुधारणं नंतरचं असतं, सावरणं पडण्याआधीचं. पण 'सांभाळून घेणे' नको, कारण त्यात झाकून नेण्याची छटा आहे. चूक पोटात घालणं आणि चूक पदरात घालणं यांतही हाच फरक. एरवी पहिलं मोठेपणाचं लक्षण. कॉकपिटमध्ये सहवैमानिकाला दुसरं यावं लागतं, आणि 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' नावाच्या प्रशिक्षणात तेच शिकवतात.

२७ मार्च १९७७ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट, एक डच आणि एक अमेरिकन, एकाच धावपट्टीवर आदळली, ५८३ माणसं गेली. दुसरं विमान अजून धावपट्टीवरच नाही ना, अशी शंका डच विमानातल्या फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली आणि विषय तिथेच संपला.

त्याआधी डच सहवैमानिक रेडिओवर म्हणाला होता, 'वुई आर नाऊ ॲट टेकऑफ'. त्याचं विमान धावू लागलं होतं. विमानतळावरच्या नियंत्रकाला वाटलं, उड्डाणाच्या जागी उभं आहे. चालू क्रिया सांगण्याची डच ढब इंग्रजीत उतरली असावी, असा काही भाषाभ्यासकांचा तर्क आहे. नियंत्रकाने थांबायला सांगितलं, पण त्याच क्षणी दुसरं विमानही बोलू लागलं आणि रेडिओवर नुसती किरकिर झाली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना तेवढा वापरतात, एरवी 'डिपार्चर' म्हणतात.

सहवैमानिक आणि नियंत्रक, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि तरी भेट नाही. 'मिसकम्युनिकेशन'ला 'संवादाचा अभाव' लिहितात, पण इथे संवाद तर चालू होता. याला मराठीत आधीपासूनच शब्द आहे: चुकामूक. मी तोच वापरेन.